मुलीला निरोप्या करू नका

ताई,
दीड वर्षापूर्वी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. तेव्हापासून रोज पहाटे तासभर बसते. पूर्वी मी फार भांडायचे. आता यांचा आवाज चढला की काही न बोलता आतल्या खोलीत जाते, दार लावते आणि ध्यानाला बसते. दिवाळीत यांनी मला न विचारता धाकट्या दिरांना गाडीसाठी दोन लाख दिले, तरी मी भांडले नाही. तेव्हापासून घरात शांतताच ठेवली आहे. अगदीच काही लागलं तर नववीतली मुलगी इकडचा निरोप तिकडे देते. तरी हे म्हणतात, "यापेक्षा भांडत होतीस ते बरं होतं." यांनाही शिबिराला कसं पाठवू?
– एक साधिका, नाशिक

त्यांना कुठेही पाठवू नका.

मुलगी निरोप देते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच अडकले. दिवाळीपासून! म्हणजे ही पोर गणिताची वही बाजूला ठेवून उठते, "बाबा, आईने वाढलंय" म्हणते, आणि "नंतर जेवतो" हे घेऊन परत येते. येता येता तिला ठरवावं लागतं, बाबांच्या आवाजातला किती राग आईपर्यंत न्यायचा आणि किती आपणच गिळायचा. हे काम तुम्ही तिला दिलंत, आणि वर त्याला शांतता म्हणता?

इगतपुरीचं आर्य मौन आठवा. नियम वाचून, मान्य करून, जो तो आपणहून ते घेतो. तिथेही साधनेतली अडचण आचार्यांना विचारता येते, राहण्याजेवणाचं काही असेल तर व्यवस्थापनाला सांगता येतं. आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारी साधना, झाली की ते सुटतं. तुमच्या नवऱ्याने कुठल्या अर्जावर सही केली होती? तुमच्या घरातला दहावा दिवस कधी उजाडणार? तुम्ही धरलाय तो अबोला, बाई. त्याने माणूस चांगलाच घायाळ होतो, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.

अभय राजकुमाराची गोष्ट सांगते. निगंठ नातपुत्तांनी, म्हणजे महावीरांनी, त्याला बुद्धांना कोंडीत पकडायला पाठवलं होतं. तथागत कधी समोरच्याला न रुचणारं बोलतात का, एवढंच त्याने विचारायचं होतं. अभयच्या मांडीवर तान्हं मूल होतं. बुद्धांनी उलट विचारलं, याने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? तो म्हणाला, डोकं धरून, बोट घालून काढेन, रक्त आलं तरी काढेन, कारण मला त्याची दया येते. बुद्ध म्हणाले, माझंही तसंच. जे खरं आहे आणि हिताचं आहे, ते अप्रिय असलं तरी योग्य वेळ पाहून मी बोलतो.

त्या दोन लाखांचा खडा दिवाळीपासून तुमच्या घशात आहे.

शिबिरात चौथ्या दिवसापासून तुम्हाला शिकवलं ते हेच, की अंगात उठणारी संवेदना पाहायची आणि तिच्यामागे धावायचं नाही. बंद खोलीत फार तर गुडघा दुखतो. खरी परीक्षा नवऱ्यासमोर उभं असताना असते. कानशिलं तापतात, घसा आवळतो, श्वास आखूड होतो. ते सगळं पाहा, पण तिथून हलू नका. हात उगारणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलं असतंत तर मी वेगळं सांगितलं असतं. इथे समोरचा माणूस तुम्ही बोलावं म्हणून विनवतोय.

आज रात्री त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, "मला न विचारता पैसे दिलेत, याचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही." ते चिडतील, जुनं काहीबाही उकरून काढतील. ऐकून घ्या. तुमचा आवाज चढायला लागला तर क्षणभर श्वासावर या, मग पुन्हा बोला. पण खोलीत जाऊ नका, दार लावू नका. उद्याची पहाटेची बैठक चुकली तरी चालेल.

त्याआधी मुलीला जवळ घेऊन सांगा, "आजपासून तू निरोप न्यायचे नाहीस. बाबांशी माझं मी बोलेन." तिचा विश्वास बसणार नाही. लगेच उठा, म्हणजे तिला दिसेल.