पणजोबा ‘एस्क्वायर’ होते का?

प्रश्न : आमच्या देवगडच्या घरी माळ्यावर पणजोबांची पेटी सापडली. ते रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करत. पंचम जॉर्जचं तिकीट असलेल्या एका लखोट्यावर त्यांच्या आडनावानंतर ‘ई-एस-क्यू’, म्हणजे ‘एस्क्वायर’चं लघुरूप, ही इंग्रजी अक्षरं आहेत. न्यू जर्सीतला पुतण्या म्हणतो, ही वकिलांची पदवी. पण मुंबईच्या आंब्याच्या दलालाने पणजोबांच्या धाकट्या भावाला पाठवलेल्या पाकिटावरही तीच अक्षरं आहेत, आणि ते तर बागायतदार. दारावर पणजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावणार आहोत. तिच्यावर ‘एस्क्वायर’ कोरावं का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : नका कोरू. कारण त्या दलालाच्या पाकिटातच आहे. कलमं राखणाऱ्या भावालाही जे मिळालं, ती वकिलीची पदवी कशी असेल?

पुतण्याचंही खोटं नाही. अमेरिकेत आज हा शब्द वकिलांच्या नावानंतर लागतो, स्त्री वकिलांच्याही. पण रत्नागिरीची टपाली रीत इंग्लंडहून आलेली. लॅटिनमध्ये ‘स्कूटुम’ म्हणजे ढाल. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला ‘एस्क्वायर’ म्हणजे नाइटची, घोड्यावरून लढणाऱ्या सरदाराची, ढाल वाहणारा, त्याच्या हाताखाली तयार होणारा तरुण. पुढे ती समाजातली एक पायरी झाली, नाइटच्या खालची आणि साध्या ‘जेंटलमन’च्या वरची. नाइटचा थोरला मुलगा, जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक दंडाधिकारी), बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) हे त्या पायरीवरचे. सॉलिसिटर, म्हणजे अशिलाचे कागदपत्र आणि सल्ला बघणारा वकील, मात्र नुसता ‘जेंटलमन’. हळूहळू ही बंधनं सैल झाली आणि तुमच्या पणजोबांच्या काळापर्यंत कुठल्याही प्रतिष्ठित पुरुषाच्या पत्त्यावर ही अक्षरं घालणं हा निव्वळ शिष्टाचार उरला.

‘एस्क्वायर’ या शब्दाचा छोटा भाऊ ‘स्क्वायर’, म्हणजे गावचा बडा जमीनदार. कोकणातले लोक त्याला चटकन खोत म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा आणि तो हक्क वंशपरंपरेने चालायचा. 1949च्या कायद्याने खोती गेली. स्क्वायर स्वतःच्या जमिनीचा खंड खायचा.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं काय, तर ‘रा. रा.’. राजमान्य राजेश्री! ज्यांना आयुष्यात कुठल्या राजाने मान दिला नाही, अशा लाखो माणसांच्या पत्रांवर ते असायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. लिहिणाऱ्याने दिलेला तो मान होता. म्हणूनच तो स्वतःच्या नावाला स्वतः लावायचा नसतो.

माझे वडील वेंगुर्ल्यात शाळामास्तर होते. मी आठवीत असताना मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला पत्र पाठवायचं होतं. मी ऐटीत नावाआधी ‘मिस्टर’ आणि नंतर ‘एस्क्वायर’ असं दोन्ही लिहिलं. वडिलांनी ‘मिस्टर’वर काट मारली. म्हणाले, “एका डोक्यावर दोन पगड्या घालू नयेत.” नियम खरोखर तोच आहे. बी. ए., एलएल. बी. लिहायचं असेल तर तेही ‘एस्क्वायर’नंतर. पाकीट मागे वळवून ‘पाठवणार’ लिहिताना वडिलांनी नुसतं नाव आणि आळी घातली. तुमचा लखोटा पुन्हा एकदा बघा, लिहिणारा रीतीचा जाणकार असेल तर नावाआधी ‘मिस्टर’ नसेल.

पाटीवर पणजोबांचं नाव आणि खाली ‘वकील, रत्नागिरी’ एवढं घाला. ते त्यांनी स्वतः मिळवलेलं आहे. लखोटे मात्र कृपा करून लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. फोटो काढून तो चौकटीत लावा आणि मूळ कागद पावसाळ्याआधी ओल न येणाऱ्या कपाटात हलवा. दलालाच्या पाकिटात पत्र शिल्लक असेल, तर त्या साली हापूसच्या पेटीला काय भाव आला होता, तेही कळवा. मला फार उत्सुकता आहे.