आधी चिमटे मोज, मग विचार

बेटा,

नव्या आयांच्या त्या ग्रुपमध्ये गेलीस ते बरं केलंस. सगळं घर घोरत असताना रात्री दोनला जागं माणूस सापडणं ही लहान गोष्ट नाही. पण प्रश्न काय टाकलास? "दूध पुरत नाहीये असं वाटतं, काय करू?" मग एकीने शतावरी सांगितली, दुसरीने डिंकाचे लाडू, तिसरीने सरळ डब्याचं दूध. त्यांचं काय चुकलं? 'वाटतं' म्हटलंस की त्यांनाही जे वाटतं तेच त्या सांगणार. आधी मोज, मग विचार.

पाच दिवसांपुढच्या बाळाचे 24 तासांत किमान 6 लंगोट ओले व्हायला हवेत. पहिल्या महिन्यात 3-4 वेळा पिवळी, पातळ शी. सुती लंगोट बांध, डायपरमध्ये ओलं कळत नाही. डायपरच वापरायचे असतील तर एका कोऱ्या डायपरमध्ये 3 मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून बघ, एका चांगल्या शूचं वजन साधारण तेवढं. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग पडतात. तुझं बाळ 12 दिवसांचं आहे. आता तसा डाग दिसला तर पोटात दूध कमी जातंय, डॉक्टरांना दाखव.

वजन जन्मानंतर थोडं उतरतं, 10 ते 14 दिवसांत भरून येतं, मग पहिले तीन महिने रोज 20-30 ग्रॅम वाढतं. काटा एकच ठेव, बाळ उघडं ठेव. अंगणवाडीचा काटा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. फरक काट्यांचा असतो आणि रडत बसतेस तू. 'मोठीच्या वेळी असं नव्हतं' हेही मोजमाप नव्हे. संध्याकाळी बाळ तासन् तास छातीला चिकटून राहिलं म्हणजे दूध आटलं, असंही नव्हे.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, आला की घरातली सगळी मोठी माणसं वाटी-चमचा घेऊन येतील, "घसा सुकला असेल गं त्याचा." नाही म्हण. आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सहा महिने वरचा थेंब नको, आपल्या नागपूरच्या 45 डिग्रीतही नको. पाणी तू पी, दर पाजण्याला एक पेला. कूलर लाव, फक्त झोत बाळावर नको. "दोन चमचे पाणी द्या" हे मीही किती जणींना सांगितलंय, ते आता आठवू नये असं वाटतं. म्हणून या बाबतीत मी हट्टी आहे. खडूस म्हणतात मला, म्हणोत!

डब्याचंही तेच. एक वाटी वरचं दिलं की बाळ तेवढं कमी ओढतं, कमी ओढलं की छाती कमी बनवते, आणि आठवड्याने खरंच पुरत नाही. त्याआधी पकड बघ: तोंड मोठं उघडं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखत राहिलं तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि पुन्हा लाव. ओढू नको.

दोन ठिकाणी मात्र मोजत बसायचं नाही आणि ग्रुपलाही विचारायचं नाही: बाळाचा ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, किंवा तुझा पॅड तासाभरात पूर्ण भिजला. दवाखाना गाठ. पाजताना पोटात कळ येते, ती दुसऱ्या खेपेला जास्तच असते. गर्भाशय आवळतंय, तिला घाबरू नको.

मोजायचं काम मोठीला दे. राजमा, चणे नकोत, तीन वर्षांची पोरं नाकात घालतात. कपड्यांचे चिमटे दे: लंगोट ओला झाला की पाळण्याजवळच्या दोरीवर एक चिमटा, सकाळी सहाला सगळे काढायचे. मग ग्रुपवर असं लिही: "12 दिवसांचं बाळ, 7 ओले, 4 शी, जन्मवजन 2.9, आज 2.85, पकड दुखते." बघ, डिंकाचे लाडू कोणी सांगतं का ते. आज किती चिमटे झाले, ते उद्या सकाळी मला कळव.