इतकी वर्षं चाललेली मालिका शेवटच्या आठवड्यात घाईघाईत का गुंडाळतात?

तुमचा प्रश्न आहे की चार-चार वर्षं रोज पाहिलेल्या मालिकेचा शेवट इतका उरकल्यासारखा का होतो. मी कोल्हापूरचा. आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा रिमोट आईकडे असतो, त्यामुळं असे बरेच निरोप मी तिच्या शेजारी बसून पाहिलेत.

रोजची मालिका सुरू होते तेव्हा शेवट कुठं करायचा हे सहसा ठरलेलंच नसतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते बरे असतील तोवर गोष्ट लांबवायची, घसरले की वेळ बदलायची, नवी मालिका तयार झाली की जुनीनं जागा सोडायची. लेखकाच्या हातात मोजकेच दिवस उरतात आणि समोर मात्र चार वर्षांचा गुंता. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग झाले. एवढ्या पसाऱ्याला न्याय देणारा एक भाग कोण लिहिणार?

आमच्याकडचंच घ्या. 'तुझ्यात जीव रंगला' ऑक्टोबर 2016 ला सुरू झाली, जानेवारी 2021 ला संपली. चित्रीकरण इथं जवळच्या वसगडे गावात. वाडा बघायला लांबलांबून गाड्या भरून माणसं यायची, 'चालतंय की' पोराटोरांच्या तोंडी बसलं होतं. त्या गोष्टीचा जीव एकाच प्रश्नात होता: शाळा न शिकलेला पैलवान गडी राणादा आणि शिक्षिका, यांचं जमणार कसं? ते जमलं, लग्न झालं, आणि माझ्या मते गोष्ट तिथंच पुरी झाली. पुढं त्याच्या वहिनीची, नंदिताची कारस्थानं, मग राणादा नाहीसा होणं, राजा राजगोंडा होऊन परतणं. कोल्हापुरात घडणाऱ्या 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये तर नायक-नायिकेला पुनर्जन्म घ्यावा लागला. मूळ प्रश्न सुटून वर्षं लोटली की शेवटच्या भागात सोडवायला खलनायिकाच तेवढी उरते.

म्हणून ते भाग एकाच साच्यातले वाटतात. सगळं घर दिवाणखान्यात, बायका ठेवणीतल्या साड्यांत, कारस्थानी बाईला उपरती किंवा बेड्या, मग एकत्र फोटो. आणि ऐन डोळे भरून येतात तेव्हा पडद्याच्या खालून पट्टी सरकते, 'सोमवारपासून नवी मालिका'. त्या पट्टीचा मला खरंच राग येतो. एवढी वर्षं जेवणाची वेळ जिच्यावर ठरवली, तिला शेवटची वीस-बावीस मिनिटं तरी मोकळी द्यायला हवीत.

याउलट 'स्वराज्यरक्षक संभाजी' बघा. सप्टेंबर 2017 ते फेब्रुवारी 2020. शेवट पहिल्या दिवसापासून घराघरांत ठाऊक. 1689 साली महाराजांचं काय झालं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तरी शेवटचे आठवडे लोक जीव मुठीत धरून बघत होते. कुठं पोचायचं ते पक्कं असल्यानं मधल्या फितुरीला, प्रत्येक लढाईला वजन येत गेलं. शेवट आधी कळला की मजा जाते असं म्हणतात, ते मला तेव्हापासून पटत नाही.

काल्पनिक मालिकेलाही हे जमेल. वाहिनीनं लेखकाला तीन महिने आधी तारीख सांगावी, एवढंच. त्या तीन महिन्यांत नवं संकट आणू नये, जुन्या माणसांकडं परत जावं. 'तुझ्यात जीव रंगला' संपल्यावर आईनं नंदितेचं काय झालं हे विचारलं नाही. तिनं विचारलं, "राणादाच्या तालमीत आता पोरं येत्यात का न्हाई?" लेखकाला वेळ मिळाला असता तर याचं उत्तर एका प्रसंगात देता आलं असतं.