जुन्या घरात वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, सिग्नल पकडून पुढे देणारा रिपीटर घ्यावा का? आणि नुसतं बघायला येणारा ३०० रुपये मागतो, हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. द्या. अठरा वर्षं बडोद्यात हेच काम करतोय, पण 'जोवाना पैसा?' (नुसतं बघायचे पैसे?) ऐकलं की अजून डोकं सटकतं.

आमच्या काकांचा दांडिया बाजारात जुना वाडा, हातभर जाडीच्या भिंती. राउटर खाली देवघराशेजारी, चुलतभावाचं ऑफिसचं काम वरच्या खोलीत. मी म्हटलं, कॅट सिक्स, म्हणजे नेटची केबल वर न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, लावा. काकांनी ऐकलं, पण काम दिलं इलेक्ट्रिशियनला, कारण तो पंखा बघायला येणारच होता. प्लॅन २०० एमबीपीएसचा, वर स्पीड ९४. गणपतीत सगळ्या गोतावळ्यासमोर काका म्हणाले, "ह्याच्या नादानं वायर टाकली, पैसे पाण्यात."

आरती होईपर्यंत गप्प बसलो. ९४ आकडा ऐकूनच मला कळलं होतं. गाडीतून केबलचा टेस्टर आणला, आतल्या आठ तारांना आठ दिवे. सात दिवे लागले, आठवा नाही. केबलच्या टोकाची क्लिप उजेडात धरली, तर शेवटची तपकिरी तार तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी हुकली तरी राउटर बिचारा बहुधा मुकाट १०० वर उतरतो. क्लिप कापली, नवी दाबली, स्पीड १९० च्या वर. काका म्हणाले, "एवढंच होतं होय?" आणि हातावर मोदक ठेवला. इलेक्ट्रिशियनला ८०० दिले होते.

रिपीटरचं म्हणाल तर नको. स्वस्तातला ज्या रेडिओवर सिग्नल घेतो त्याच्यावरच पुढे देतो, स्पीड साधारण निम्मा होतो. त्यात लोक तो नेमका रेंज नसते तिथे लावतात! जाड भिंतींत मेशसुद्धा (घरभर दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय) केबलनं जोडलं तरच कामाचं, वायफायचा वेगवान ५ गिगाहर्ट्झ सिग्नल तर भिंतीतच जिरतो. केबल शुद्ध तांब्याची घ्या, ॲल्युमिनियमवर मुलामा दिलेली नको.

हां, घर भाड्याचं असेल आणि वर नुसते मोबाईलवर व्हिडिओच बघायचे असतील, तर रिपीटर चालेल, जिन्याच्या मध्यावर लावा. आणि काम करून घेतलं तर ३०० बिलातून वजा होतात का, हे आधीच विचारा. मी वजा करतो.

परवा काकांचा प्रिंटर बंद पडला. ३०० सांगितलेत. अजून फोन आलेला नाही.