वाचकांचे प्रश्न : डॉल्फिन, पाणघोडा आणि केळ्याचा डीएनए

प्रश्न : हर्णैला बोटीतून डॉल्फिन बघायला गेलो होतो, तेव्हा सोबतचा एक जण म्हणाला की याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे आणि ते डीएनएवरून सिद्ध झालंय. इकडे माझा भाचा म्हणतो माणसाचा निम्मा डीएनए केळ्याशी जुळतो. असं कशाशीही काहीही जुळत असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? नक्की जुळवतात तरी काय?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आधी केळ्याचं मिटवू. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी, त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या तरी निव्वळ योगायोगाने साधारण 25 टक्के जागा जुळतातच, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरूच होत नाही. शिवाय केळ्याचा तो आकडा अख्ख्या डीएनएचा नाहीच आहे. आपल्या बऱ्याच जनुकांसारखं ओळखू येईल असं जनुक केळीतही सापडतं एवढाच त्याचा अर्थ, आणि प्रोटीनची माहिती असलेला भाग आपल्या डीएनएत 2 टक्केसुद्धा नसतो. तेव्हा भाच्याला सांगा, वाक्य अर्धवट आहे.

टक्केवारी अगदीच टाकाऊ असते असं नाही. सायटोक्रोम सी नावाचं एक प्रोटीन आहे, पेशीत ऊर्जा तयार करायच्या कामातलं, आपल्यात ते 104 अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रोटीनच्या माळेतल्या 104 मण्यांचं असतं. माणूस आणि चिंपांझीत त्यात एकही फरक नाही, ऱ्हीसस माकडात एक, आणि घोडा, कोंबडी, यीस्ट असं लांब जात जावं तसे फरक वाढत जातात. 1967 मध्ये फिच आणि मार्गोलियाश यांनी फक्त या एका प्रोटीनवरून सजीवांचा वंशवृक्ष काढला होता आणि तो बराचसा बरोबर आला! पण जवळजवळची चार भावंडं समोर असली की नुसते फरक मोजून भागत नाही, तिथे कुठला बदल कुणाकुणात सारखा आहे हे बघावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा जीव इथेच आहे.

हाताने उतरवलेल्या जुन्या पोथ्यांचं घ्या. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यातून काही कळत नाही, तो सगळ्यांतच असतो, पण दोघींत एकाच ओळीत एकच शब्द गळलेला असेल तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्यात हे लगेच लक्षात येतं. डॉल्फिन आणि पाणघोड्याची केस अशीच सुटली. डीएनएत साइन नावाचे छोटे तुकडे असतात, ते स्वतःची कॉपी काढून दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसतात आणि एकदा बसले की सहसा तिथून निघत नाहीत. कोट्यवधी अक्षरांच्या पसाऱ्यात तोच तुकडा त्याच जागी दोन वंशांत वेगवेगळा येऊन बसणं जवळपास अशक्यच. टोकियोतल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने 1997 आणि 1999 मध्ये असे तुकडे तपासले, तर काही फक्त देवमासे आणि पाणघोड्यात सापडले, त्याच जागा गाय, डुक्कर, उंट यांच्यात रिकाम्या. देवमाशांच्या गटातच डॉल्फिन येतात. त्याआधी शरीररचनेवरून लोक पाणघोड्याला डुकराच्या जवळ ठेवायचे.

आणि हाडांनीही साथ दिली बरं का. 2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं निघाली, ती गाय-डुकरांच्या गटात असतात तशी दोन्ही टोकांना कप्पीसारखी. मग 2007 मध्ये जम्मूच्या कालाकोटमधल्या जीवाश्मांतून इंडोहायस नावाचा मांजराएवढा खुरवाला प्राणी पुढे आला, याच्या कानाचं हाड देवमाशासारखं, आणि हे दगड भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कित्येक वर्षं आधी गोळा करून ठेवलेले! फक्त एक ध्यानात ठेवा, डॉल्फिन पाणघोड्यापासून झालेला नाही. साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी दोघांचा एक सामायिक पूर्वज होता आणि तो यांच्यापैकी कुणासारखाच दिसत नव्हता.

आता तुमची शंका रास्त कुठे आहे ते सांगतो, कारण एकच जनुक घेतलं तर फसगत होऊ शकते. कानात प्रेस्टिन नावाचं प्रोटीन असतं, बारीक उंच आवाज ऐकायला लागतं. 2010 मध्ये त्याच्या अमिनो आम्लांवरून वंशवृक्ष काढला तर डॉल्फिन चक्क वटवाघळांच्या शेजारी जाऊन बसला! दोघंही आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करतात, म्हणून दोघांच्या प्रेस्टिनमध्ये स्वतंत्रपणे सारखे बदल झाले. त्याच जनुकाची डीएनए अक्षरं वापरली की मात्र डॉल्फिन परत गाईच्या बाजूला येतो, कारण बरीच अक्षरं बदलली तरी प्रोटीन तेच राहतं, मग त्या बदलांवर नैसर्गिक निवडीचा फारसा दाब नसतो. आपल्या माणसांच्या घराण्यातही हेच, गोरिलाचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, 2012 मध्ये वाचून आला तेव्हा दिसलं की सुमारे 30 टक्के भागात माणूस-चिंपांझी ही जोडी सगळ्यात जवळची ठरतच नाही, एकूण हिशोबात ठरते. म्हणून आता शेकडो-हजारो जनुकं एकदम घेतात.

प्रश्न : आमच्या नववीच्या मुलांना हे डीएनए जुळवणं करून दाखवता येईल का? लॅब नाही, एक कॉम्प्युटर आणि नेट आहे.
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : नक्की येईल, आणि जरूर करा! जेनबँक हा डीएनए ओळींचा साठा सगळ्यांना फुकट खुला आहे. तिथून सायटोक्रोम बी हे जनुक घ्या, सस्तन प्राण्यांत ते साधारण 1140 अक्षरांचं असतं म्हणजे फार मोठं नाही. डॉल्फिन, पाणघोडा, गाय, डुक्कर, घोडा असे पाच घ्या आणि सोबत कुत्रा घ्यायला विसरू नका, बाहेरचा कुणीतरी असल्याशिवाय झाडाचं मूळ कुठे धरायचं ते कळत नाही. सगळ्या ओळी एका फाइलमध्ये एकाखाली एक टाकून क्लस्टल ओमेगा या मोफत साधनात चिकटवा, ते ओळी जुळवून देतं आणि कच्चं झाडही काढून देतं. पण झाड बघायच्या आधी मुलांना जुळवलेल्या ओळीच बघू द्या, पहिली 60 अक्षरं वहीत उतरवून कुठला बदल कुणाकुणात सारखा आहे ते पेन्सिलीने गोल करायला सांगा. झाड वर सांगितल्यापेक्षा वेगळं आलं तर घाबरू नका, एकाच जनुकाचं आहे ते, दुसरं जनुक घेऊन परत करा आणि दोन्ही झाडं फळ्यावर शेजारी शेजारी काढा.