जोधपूरच्या दाटीत निर्यात का वाढते?

प्रश्न : कुडाळजवळ आमचा आंब्याच्या लाकडाच्या फर्निचरचा कारखाना आहे. माल चांगला असूनही परदेशी गिऱ्हाईक जोधपूरलाच का जाते?

जोधपूरच्या बासनी, बोरनाडा या औद्योगिक भागांत खरेदीदाराला एका फेरीत अनेक कारखाने पाहता येतात. ऑर्डर अचानक वाढली तर कोरीवकाम, लेथ, पॉलिश, कड्या-बिजागऱ्या आसपासच करून मिळतात. 40 फुटी हाय-क्यूब (जास्त उंचीच्या) कंटेनरमध्ये प्रत्यक्षात 65 ते 68 घनमीटर माल बसतो. एकट्याच्याने तो भरत नसेल, तर त्याच खरेदीदाराचा शेजारच्या कारखान्यातला माल सोबत जातो. नमुने, चाचण्या, कागदपत्रे यांचा खर्च पहिल्या कंटेनरआधीच करावा लागतो आणि छोट्या कारखान्याची दमछाक तिथेच होते. जवळजवळ असणाऱ्यांना तो वाटून घेता येतो.

प्रश्न : मग आम्ही चार-पाच जणांनी सर्वांत आधी काय सामाईक करावे?

सीझनिंगची, म्हणजे लाकूड सुकवण्याची भट्टी. प्रदर्शनातला स्टॉल नंतर पाहा. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात घरे तापवतात, आतली हवा कोरडी पडते. ओले लाकूड तिथे आकसते, टेबलाच्या फळीला चीर जाते, सांधे उघडतात. ओलावा 8 ते 12 टक्क्यांवर आणूनच काम सुरू करा.

सामाईक भट्टीतले काम बिघडते ते घाईमुळे. एकाच्या 25 मिलिमीटरच्या फळ्या आणि दुसऱ्याचे 50 मिलिमीटरचे पाय एकाच घाण्यात घातले की फळ्या जास्त सुकून वाकतात आणि पाय आतून ओलेच राहतात. ओलावा मोजणाऱ्या मीटरची सुई वरवर टोचली तर आकडा 10 दिसतो, गाभ्यात 16 असतो. म्हणून जाडीनुसार घाणे वेगळे लावा. फळीच्या टोकाचा नको, मधला तुकडा कापून वजन करा, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. घटलेले वजन भागिले सुके वजन, गुणिले 100, हा खरा ओलावा.

प्रश्न : एकाच जागी सगळे असण्यात धोका नाही का?

आहे, आणि मोठा आहे. 2 जानेवारी 2017 पासून सायटेस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे निर्यातीला कागदपत्रे लागणाऱ्या यादीत, डालबर्जिया वंशातली उरलेली झाडेही आली, त्यात शिसम आले. सहारनपूर आणि जोधपूर, दोन्हीकडे अनेक कारखाने त्याच लाकडावर अवलंबून होते, त्यामुळे झळ सगळ्यांना एकदम बसली. पुढे 2022 मध्ये 10 किलोपर्यंत कागदपत्रांतून मिळणारी सवलत प्रत्येक नगातल्या लाकडाच्या वजनावर मोजायची, हे स्पष्ट झाले. छोट्या वस्तू सुटल्या. जड कपाटांना कागदपत्रे लागतातच. आंबा, बाभूळ अशी दुसरी लाकडे आधीपासून वापरात ठेवावीत. शेजाऱ्याचे डिझाइन उचलून दर पाडणे हा दुसरा रोग. त्यात खरेदीदार सोडून सगळे बुडतात.

प्रश्न : भट्टीत सुकवलेल्या लाकडाचेच खोके केले, तरी माल बंदरात अडला. का?

शिक्का नसेल. आयएसपीएम-15 या लाकडी पॅकिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार खोक्याच्या लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटे 56 अंशांवर राहायला हवा आणि मान्यताप्राप्त केंद्राचा ठसा खोक्यावर हवा. नुसते सुकवणे चालत नाही. प्लायवुडच्या खोक्याला ही अट नाही, पण त्याला आतून साध्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या असतील तर त्यांना आहे.