अनामत भरण्याआधी आरोग्यमित्र गाठा: पारोळ्याच्या भाऊंना उत्तर

पारोळ्याच्या भाऊंनी आबांबद्दल लिहिलंय. छातीत दुखलं, गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं, रात्री जळगावला खासगीत हलवलं. काउंटरवर सांगितलं, 'आत्ता अनामत भरा, सकाळी योजनेत बसवू.' स्टेंट पडल्यावर उत्तर मिळालं की रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही, आता काही होणार नाही. आमच्या घरीही हेच सगळं भोगून झालंय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी डॉक्टर नाही, योजनेच्या कुठल्या पदावरही नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा शेवटचा शब्द आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा धरा. योजना म्हणजे राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना, रेशनकार्डावर रुग्णालयात मोफत उपचार देणारी, आणि १५५३८८ ही तिची हेल्पलाइन.

सगळ्यात महाग पडतं ते 'सकाळी योजनेत बसवू' हे वाक्य. ही योजना झालेला खर्च परत देत नाही. रुग्णालय आधी रुग्णाची नोंदणी करतं, तपासण्यांचे रिपोर्ट चढवतं, मंजुरी येते, मग उपचार होतो आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. तुमच्या हातातल्या पावतीला त्या साखळीत जागाच नाही. रुग्ण रोखीचा म्हणून दाखल झाला आणि त्याच कागदावर स्टेंट पडला, की मागच्या तारखेने मंजुरी मिळवायला कुणी धजत नाही. रात्र असली तरी सोय आहे. तातडीच्या केसमध्ये फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर ठरावीक मुदतीत द्यायचे असतात. ती मुदत आरोग्यमित्राकडून तारीख-वेळेसकट कागदावर लिहून घ्या. हा फोन रुग्णालयाने करायचा असतो, आणि रात्री काउंटरवर बसलेल्या पोराला तो माहीत नसतो किंवा माहीत करून घ्यायचा नसतो. तेव्हा वाद न घालता एकच वाक्य बोला: 'फुले योजनेत नोंदणी करा, नसेल करायची तर तसं लिहून द्या.' लिहून देत कुणीच नाही, पण बहुतेक वेळा आरोग्यमित्राचा नंबर निघतो. नाही निघाला तर तिथूनच हेल्पलाइनला फोन लावा, तक्रारीचा नंबर घ्या आणि मगच पैसे काढा. पैसे भरावेच लागले, तर पावतीवर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 'ॲडव्हान्स' लिहिलेली पावती पुढे कशालाच उपयोगी पडत नाही.

अजून एक, दारावर योजनेची पाटी आहे म्हणजे सगळे आजार तिथे होतात असं नाही. रुग्णालय विशिष्ट शाखांसाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेलं असतं. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. गाडी निघण्याआधीच फोनवर विचारायचं, 'अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडून स्टेंट टाकणं) योजनेत होते का, आणि आज रात्री डॉक्टर आहेत का?'

आता नावाचं. माझा सगळ्यात जास्त राग इथेच आहे. २०२३च्या जुलैतल्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डधारकांना योजना लागू केली आणि कुटुंबाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली. १ जुलै २०२४ पासून ते चालूही झालं. पण कार्डाच्या रंगाची अट गेली तरी कार्डाची अट राहिलीच. आणि आपल्याकडची कार्डं कशी? एकत्र कुटुंबाच्या काळात आजोबांच्या नावावर काढलेली. आबांचं नाव कार्डावर 'रामा', आधारवर 'रामदास'. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढलेलंच नाही. कुणाचं कार्ड बारा अंकी होऊन ऑनलाइन आलंय, पण त्यात म्हातारीचं नाव टाइप करायचं राहून गेलंय. कापडी पाकिटात जपलेल्या कार्डावर नाव दिसतं म्हणून आपण निर्धास्त असतो. आरोग्यमित्र मात्र ऑनलाइन काय दिसतं ते पाहतो.

दुरुस्ती होते तहसीलच्या पुरवठा शाखेत. आमच्याकडच्या एका कार्यालयाचं नाव घेत नाही, पण पद्धत सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी तीच असावी. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं: साहेब दौऱ्यावर, सर्व्हर बंद, पुढच्या सोमवारी या. माणूस तिकडे आयसीयूत आहे हे सांगून काहीही हलत नाही. हलतं ते लेखी अर्जाने. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सोबत आधार, कार्डाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, आणि सून असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. हा दाखला नसला की अर्ज तिथेच थांबतो. रेशनकार्डाची कामं लोकसेवा हक्क कायद्यात (२०१५चा) येतात. मुदत उलटली की अपील करता येतं, पण ते पोच असलेल्यालाच. आणि हे काम आजारपणात करायचं नाहीच. आत्ता कापूस वेचून झाला की, नाहीतर लग्नसराईच्या आधी, रेशन दुकानात जाऊन घरातल्या प्रत्येकाचं नाव मशीनवर दिसतं का आणि ई-केवायसी झालीय का, ते बघून घ्या. आधारवरचं स्पेलिंग आणि कार्डावरचं स्पेलिंग शेजारी ठेवून वाचा. ज्यांचं आयुष्मान कार्ड निघतंय त्यांनी ते काढूनच ठेवा, पुढे कामाला येतं.

कुठे? सुरतेला. नंदुरबार, नवापूर, शहाद्याच्या लोकांना नाशिकपेक्षा सुरत जवळ, आणि उधना-लिंबायतला निम्मं गाव राहतं. फुले योजना गुजरातमध्ये चालत नाही. तिथे चालतं ते केंद्राचं आयुष्मान, म्हणजे ज्यांचं कुटुंब त्या यादीत आहे किंवा जे सत्तरीपुढचे आहेत त्यांच्यासाठी आणि तिथल्या अंगीकृत रुग्णालयातच. त्यामुळे 'सुरतेला माझा साला आहे, तिकडे बरं पडेल' हा हिशेब डब्याच्या सोयीचा आहे, बिलाच्या सोयीचा नाही.

फॅमिली डॉक्टरांबद्दल तुम्ही फार चिडून लिहिलंय. चीड समजते, पण मला थोडं वेगळं वाटतं. मधुमेह असलेल्या माणसाला हृदयाचं दुखणं पित्तासारखंच भासू शकतं आणि पहिला इसीजी कधीकधी साफही येतो. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाची छाती किंवा जबडा दुखतोय, घाम फुटलाय, तर इसीजी काढायचा आणि साफ आला तरी दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढायचा. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं. डॉक्टरांना पित्त वाटलं, एकवेळ चालेल. इसीजीशिवाय पित्त ठरवून टाकलं, ते चालत नाही. आणि अशा वेळी कमरेत इंजेक्शन मारून घेऊ नका. पुढे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागलं, तर त्या जागी आत रक्तस्राव होऊ शकतो. मारलंच असेल तर पुढच्या डॉक्टरांना सांगा. सांगायचं राहतं ते हेच, कारण आपल्याकडे इंजेक्शन घेतल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखंच वाटत नाही. डॉक्टरही तेच देतात, कारण सलाइन न लावणाऱ्याकडून पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो. दोष दोन्हीकडे आहे, भो.

चांगला फॅमिली डॉक्टर ओळखायचा तो चिठ्ठीवरून. 'जळगावला न्या' एवढं तोंडी सांगून हात झटकणारा वेगळा. खरी चिठ्ठी अशी असते: दुखणं किती वाजता सुरू झालं, बीपी-शुगर किती, इसीजी किती वाजता काढला (आणि तो पेपर सोबत), गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांपैकी ॲस्पिरिन किती मिलिग्रॅम दिली, क्लोपिडोग्रेल किती, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे. दुखणं सुरू झाल्याची वेळ सगळ्यात महत्त्वाची. गुठळी विरघळवायची की थेट अँजिओप्लास्टीला न्यायचं, हे त्यावरून ठरतं. चिठ्ठी नसली की तिकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, कधी तीच औषधं दुसऱ्यांदा दिली जातात. आणि डॉक्टरांनी एकाच रुग्णालयाचं नाव घेतलं तर 'तिथेच का?' हे विचारायला लाजू नका. उत्तर 'तिथे कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) आहे आणि योजना आहे' असं आलं तर माणूस तुमच्या बाजूचा आहे.

सरकारी दवाखान्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांसाठी थोडं. सर्पदंशाला प्राथमिक आरोग्य केंद्राइतकी जवळची आणि खरी जागा दुसरी नाही. यावल-रावेरच्या केळीत किंवा चोपड्याच्या कपाशीत साप चावला, तर भगताकडे वेळ घालवू नका आणि खासगीतही फिरू नका. प्रतिसर्पविष तिथे मोफत मिळतं. विषाची लक्षणं असतील तर सुरुवातीला साधारण दहा व्हायल देतात, मग १०८ च्या रुग्णवाहिकेने पुढे पाठवतात. पाठवताना किती व्हायल, किती वाजता दिल्या हे लिहून घ्या. चिठ्ठीचं महत्त्व इथेही तेच. कुत्रं चावल्यावरच्या लसीचंही सरकारीतच बरं. फक्त चावल्यावर रक्त निघालं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन आहे का, ते आधी विचारा. ते प्रत्येक केंद्रावर नसतं.

पैशावरून होणारं एक भांडण टाळता येण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. ते प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांना लागू आहे. जळगावचं 'सिव्हिल' आपण अजून सिव्हिलच म्हणतो, पण ते आता वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. धुळ्याचं चक्करबर्डीचं हिरे महाविद्यालयही तसंच. ही वैद्यकीय शिक्षण विभागाची, त्यामुळे तिथे केसपेपरचे थोडे पैसे मागितले तर खिडकीवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही. योजनेत नोंदणी झालेल्या रुग्णाकडून मात्र त्या उपचाराचे पैसे कुठेच घेता येत नाहीत.

तुमच्या केसमध्ये आता काय? आबांची नोंदणी झालीच नसेल तर पैसे परत मिळण्याची आशा धरू नका, स्पष्ट सांगतो. पण अनामत घेण्याआधी तुम्ही योजना मागितली होती आणि नाकारली, ह्याचा काही पुरावा असेल (हेल्पलाइनचा कॉल, मेसेज), तर योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार द्या. मुख्यमंत्री सहायता निधीच्या मागे आता लागू नका. तोसुद्धा उपचार चालू असताना, रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर मागायचा असतो.

कागद मात्र आजच मागा: डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचा स्टिकर, औषधांसकट तपशीलवार बिल. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे अर्ज लेखीच द्या. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. सीडीची कॉपी काढून मोबाइलमध्ये ठेवा, उन्हाळ्यात गाडीत राहिलेल्या सीडीचं काय होतं ते जळगावकरांना सांगायला नको.

आणि स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या दिल्यात, त्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असो नाहीतर मूळव्याध. गावातले डॉक्टर 'रक्त फार पातळ होतंय, थांबवा' म्हणाले, तर त्यांना जळगावच्या डॉक्टरांचा फोन लावून द्या. गोळ्या महाग पडत असतील तर जनऔषधीत त्याच नावाच्या घटकाच्या मिळतात. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहून मागा.